नुबमेरित राजाची वळलेली दाढी

मित्रांनो, हसायचे असेल तर आधीच हसून घ्या. मी एक जुनी दाढी आहे आणि ज्या हनुवटीवर माझे आयुष्य गेले, ती हनुवटी एका बाईची होती.

आमच्या काळ्या मातीच्या देशात राजाला दाढी लागतेच, पण ती उगवलेली चालत नाही. पुरुष राजेसुद्धा सकाळी हनुवटी गुळगुळीत भादरून घेतात आणि मग माझ्यासारखी एखादी, नाडी कानांमागून घेऊन, बांधतात. तेव्हा नुबमेरितने मला बांधले यात फसवणूक कसलीच नव्हती. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. थोरली नुबमेरित गादीवर बसली. धाकटी तामित तिच्या शेजारच्या महालात राहिली.

मला राजवाड्याच्या केशकाराने, हेपूने, घडवले. काळ्या बोकडाचे लांब केस त्याने नदीच्या पाण्यात सात वेळा धुतले आणि त्यांच्या बारीक वेण्या घालून अळशीच्या सुताने घट्ट आवळल्या. माझ्या वरच्या तिसऱ्या हिश्शात लाकडी गाभा आहे. त्याखाली नुसते केस. ते ताठ राहावेत म्हणून त्यांना लेप लागतो : दोन भाग मेण, एक भाग राळ. हेपू हे भाग तराजूत तोलून घेई.

"मेण केसांना धरतं आणि राळ मेणाला धरते," तो म्हणायचा. "मला तेवढं धरणारं कुणी नाही. बायकोनं कधीच सोडून दिलंय."

हा लेप दर ऋतूला नवा करावा लागे. त्या कामात हेपू एकच गोष्ट देवापेक्षाही जपायचा, ती म्हणजे माझा सरळपणा. जिवंत राजाची दाढी सरळ असते. राजा मेला, पश्चिमेला जाऊन मेलेल्यांच्या देवात, ओसिरिसमध्ये मिसळला, की त्याला टोकाशी पुढे वळलेली दाढी बांधतात. वळलेल्या दाढीचा साचा हेपूच्या फडताळात सर्वांत खाली, फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे. तो साचा हाताला लागला तरी हेपू थुंकायचा.

पहिली दहा वर्षे माझी फार सुखाची गेली. सकाळी उत्तरेच्या वाऱ्याची ती मोठी खोली, आरशापुढे नुबमेरित आणि तिच्या पाठीशी तामित. माझी नाडी डाव्या कानामागे केसांत अडकायची आणि ती न ओढता बांधणे फक्त तामितला जमायचे.

"ताई, हलू नकोस. राजे हलत नाहीत."

"राजांच्या नाकाला खाज येत नाही का गं?"

"येते. पण ते दुसऱ्या कुणाचं तरी नाक खाजवतात."

आणि मग मला लावून नुबमेरित दरबारात जायची. कालव्याचे तंटे सोडवायची, दुष्काळात कोठारे उघडायची. परदेशचे वकील वाकून नमस्कार करताना चोरून माझ्याकडे बघायचे. माझे टोक तसूभरही हलत नसे. मला त्याचा अभिमान होता.

अकराव्या वर्षी एके दुपारी नुबमेरितच्या आधी जेवण चाखणारा माणूस पोट धरून पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्या दिवशीचा मासा शिळा होता, की त्यात कुणी काही मिसळले होते? हे कुणीही तपासले नाही. ताट तोवर धुऊन झाले होते.

मित्रांनो, त्या धुतलेल्या ताटातून संशय जन्माला आला.

त्याला दूध पाजून मोठे केले सेनबीने. सेनबी हा राजवाड्याच्या आतल्या दालनांचा कारभारी. तीस वर्षे तिथेच, आवाज मऊ, पायात चपला नाहीत. त्याचे एक ठरलेले वाक्य होते.

"मी काही म्हणत नाही, महाराज. मी फक्त विचारतो."

तो विचारायचा, आणि उत्तर नुबमेरितला रात्रंदिवस खायचे. तुमच्या दाढ्या तीन, म्हणजे त्यांना हात लावणारे हात किती? तिने बाकीच्या दोन जाळून टाकल्या. दाढी बांधून दिलेली आज्ञा उद्या कुणी तुमच्या नावाने फिरवली तर? तिने नियम केला : राजाने दाढी बांधून दिलेला हुकूम फक्त राजाच, दाढी बांधून, स्वतःच्या तोंडाने मागे घेऊ शकेल. तो मोडणाऱ्याचे हात जातील. वाऱ्याच्या खोलीला चार खिडक्या, महाराज, त्यातून कोण कोण येत असेल? तिने माझी पेटी आतल्या एका लहान खोलीत हलवली. तिथे खिडकी नव्हती. दार एकच होते, आणि त्यावर ती स्वतःच्या अंगठीने ओल्या मातीची मोहोर करायची.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तामित गरोदर होती. तिचा नवरा दक्षिणेच्या सीमेवर, धबधब्यांपलीकडच्या किल्ल्यात सरदार होता. राजवाड्यात सगळ्यांना हिशेब समजत होता. नुबमेरितला मूल नाही. तामितला मुलगा झाला तर तोच पुढचा राजा.

"धाकट्या बाईसाहेब हल्ली फार आनंदात दिसतात," सेनबी म्हणाला. "मी काही म्हणत नाही."

आणि त्याच उन्हाळ्यात माझा लेप नवा करायची वेळ आली, तेव्हा हेपूच्या बरणीत राळ नव्हती. राळ समुद्रापलीकडून येते आणि त्या वर्षी गलबत आलेच नव्हते. हेपूने बरणी खरवडली. तराजूच्या एका पारड्यात मेण घातले, दुसऱ्यात जे चिमूटभर निघाले ते. दोन्ही पारड्यांकडे तो बराच वेळ बघत बसला. 'राळ नाही' असे जाऊन सांगितले असते, तर सेनबीने विचारले असते : नाही की कुणी नाहीशी केली? म्हणून त्याने नुसत्या मेणावर भागवले. उरलेल्या मेणाचा त्याने पाणघोडीच्या रूपातल्या तावेरेत देवीचा एक वीतभर पुतळा केला. मोठे पोट, आखूड पाय. तो त्याने गुपचूप तामितला नेऊन दिला. पोटुशी बाईच्या उशाखाली तावेरेत असली, की बाळंतपण सुखरूप होते.

आता पुढचे ऐका. मला पेटीत नेहमी पालथे ठेवत, म्हणजे नाडीचा दाब केसांवर येत नाही. वरचा भाग लाकडी उशीवर, टोक अधांतरी. नव्या खोलीत चौथ्या दिवशी सकाळी नुबमेरितने पेटी उघडली आणि तिच्या हातातला दिवा पडला.

माझे टोक पुढे वळले होते. मेलेल्या राजाच्या दाढीसारखे.

"कोणी केलं हे?" ती म्हणाली. "मला मेलेली कुणाला बघायचंय?"

हेपूला बोलावले. त्याने मला हातात घेतले. अंगठ्याने माझे टोक चेपले, अंगठा नाकाशी नेला आणि त्याच्या पाचावर धारण बसली. त्याला कळले होते. पण तो म्हणाला एवढेच, "सरळ करून आणतो, महाराज." संध्याकाळी त्याने मला सरळ करून आणले.

नुबमेरितने सापळा लावला. मला पेटीत ठेवून दार तिने मोहोरबंद केले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत स्वतः दारासमोर खुर्ची टाकून बसली. न जेवता. संध्याकाळी तिने मोहोर तपासली. अखंड होती. दार उघडले, पेटी उघडली. मी पुन्हा वळलेली होते.

"दार बंद, मोहोर शाबूत," सेनबी हळूच म्हणाला. "म्हणजे हात लावून केलेलं काम नाही हे. मी फक्त विचारतो, महाराज, मेणाची जादू येणारं कोण कोण आहे इथे?"

आमच्याकडे हे लहान पोरांनाही ठाऊक असते. कुणाचा घात करायचा तर त्याची मेणाची बाहुली करतात. झडती सुरू झाली आणि तामितच्या उशाखाली मेणाची तावेरेत सापडली.

"ही तावेरेत आहे, ताई!" तामित म्हणाली. "पाणघोडी आहे! तोंड बघ हिचं!"

"कुणी दिली?"

तामितने खाली बघितले. हेपूचे नाव घेतले असते तर हेपू संपला असता.

"पोट मोठं आहे, मुकुट नाही," सेनबी पुतळा फिरवत म्हणाला. "पण मुकुट नसणं हीच तर कुणाची तरी इच्छा असेल."

"सेनबी, तुझी बाहुली केली असती तर तिला नुसते कानच केले असते मी," तामित म्हणाली. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "ताई, मला काय हवं असतं तर रोज सकाळी तुझ्या मानेमागे नाडी होती की माझ्या हातात."

नुबमेरितचा हात आपसूक मानेकडे गेला. तामितने हे बोलायला नको होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिला तर घोटाघोटात विष दिसत होते.

आता मी तुम्हाला माझीही लाज सांगते. मीही तामितवरच संशय घेतला. रोज दुपारी पेटीत मला ऊब जाणवायची. माझे टोक आपोआप खाली ओढले जायचे. पण मी इतके दिवस खोलीत जादू-जादू ऐकत होते, की मला वाटले, हीच ती जादू. ऊब कुठून येते, हे मी स्वतःला एकदाही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेपूने सरळ केलेली मी पुन्हा हनुवटीवर चढले. नाडी नुबमेरितने स्वतःच बांधली, त्यामुळे ती ओढत होती. भर दरबारात हुकूम झाला : तामितने आजच होडीने नवऱ्याच्या किल्ल्यावर जावे. धबधब्यांपर्यंत वीस दिवस. भर उन्हाळा. तिला आठवा महिना लागला होता.

"सासरी पाठवणी करतेस, ताई?" तामित म्हणाली. "दगडांत, खडकांत? बाळ वाटेतच झालं तर?"

"तुझी तावेरेत बघून घेईल."

"ती तर तू काढून घेतलीस."

दरबार संपला. मला पेटीत ठेवले गेले आणि पुरावा म्हणून माझ्याशेजारी ती मेणाची तावेरेत. दुपारनंतर पुजारी येऊन त्या बाहुलीवर थुंकून ती जाळणार होते. होड्या उत्तरेचा वारा उठला की दक्षिणेला निघतात. तो दुपारनंतर उठतो.

वारा उठायच्या सुमारास दार उघडले. नुबमेरित होती आणि तिच्यामागे सेनबी. दारात पहारेकरी. तिने पेटीचे झाकण उचलले आणि दिवा जवळ आणला.

तावेरेत पार बसली होती. मोठे पोट पसरून पायांवर आले होते. तोंड छातीत रुतले होते. आणि मी वळले होते.

"जादू स्वतःच वितळली!" सेनबी म्हणाला. "देवांनीच न्याय केला, महाराज."

नुबमेरितने दिवा आणखी खाली धरला. तिने वाकून आधी तावेरेतकडे, मग माझ्याकडे पाहिले. अगदी जवळून, जशी पूर्वी कालव्याचे नकाशे पाहायची.

"जादू वितळली, तर मग दाढी कशी वळली?" ती म्हणाली. "तामित होडीवर आहे. या खोलीत फक्त तू आलास आणि मी. मग जादू कोण करतंय, सेनबी? तू की मी?"

सेनबीने तोंड उघडले. आयुष्यात प्रथमच त्याला विचारायला काही सुचले नाही.

पेटी उचलायला म्हणून नुबमेरितने मागच्या भिंतीवर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पुन्हा ठेवला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.

"या भिंतीमागे काय आहे?"

सेनबीला माहीत नव्हते. तीस वर्षे तो लोकांच्या मनातले ओळखत फिरला होता.

"भटारखान्याची भट्टी, महाराज," दारातला पहारेकरी म्हणाला. "देवळाचे पाव भाजतात. पहाटे पेटवतात, दुपारी भिंतीवर पाव थापला तरी भाजेल. आम्ही हिवाळ्यात इथंच पाठ शेकतो."

"हेपूला आणा."

हेपू आला. भिंत, तावेरेत, मी, सगळे त्याला एका नजरेत दिसले आणि तो गुडघ्यांवर बसला.

"राळ नव्हती, महाराज. नुसतं मेण आहे. बाहुलीचंही तेच मेण, मीच करून दिली ती. मला वाटलं उन्हाळ्याने होतंय. रोज सांगीन म्हणत होतो."

"मग?"

"रोज भीती वाटत होती."

नुबमेरित पहारेकऱ्याकडे वळली. "धावत जा. होडी थांबव."

पहारेकरी जागचा हलला नाही. त्याने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. "दाढी बांधून दिलेला हुकूम आहे, महाराज. माझ्या शब्दावर नावाडी थांबणार नाही. थांबला तर आमच्या दोघांचेही..."

नियम तिचाच होता.

"घटकाभर द्या," हेपू म्हणाला. "गरम करून सरळ करतो, गार होऊ देतो..."

बाहेर धक्क्यावर शिडे उभारल्याची आरोळी ऐकू आली. गार व्हायला वेळ नव्हता. दुसरी दाढी नव्हती. त्या दोन्ही तिने जाळल्या होत्या.

मित्रांनो, ज्या गोष्टीच्या भीतीने तिची झोप उडाली होती, तीच गोष्ट तिने दोन्ही हातांनी उचलली आणि स्वतःच्या हनुवटीवर बांधली. मेलेल्या राजाची दाढी. नाडी केसांत अडकली. तिने तशीच ओढून गाठ मारली आणि ती भर उन्हात बाहेर पडली.

वाटेत कांदे विकणारी एक म्हातारी उठून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिले, किंकाळी फोडली आणि जमिनीवरची धूळ उचलून डोक्यात घातली. मग दुसरीने. राजा मेला, राजा मेला, तरी चालतोय. ऊन माझ्यावर पडत होते आणि मी आणखीच वळत होते. मला स्वतःला थांबवता येत नव्हते.

होडी धक्क्यापासून वीस हात आत गेली होती. मागच्या बाजूला छताखाली तामित बसली होती.

"होडी वळवा!" नुबमेरित ओरडली.

नावाडी तिच्याकडे बघत राहिला. भला माणूस होता आणि नियमाला घाबरणारा होता. तो म्हणाला, "हुकूम जिवंत राजाचा की मेलेल्या राजाचा?"

मेलेल्या राजाचा हुकूम चालत नाही. मेलेल्याच्या मागे पुढचा राजा असतो, आणि तो तामितच्या पोटात होता.

रडणाऱ्या बायकाही थांबल्या. सगळ्यांनी आधी नुबमेरितकडे पाहिले आणि मग तामितकडे. मला ते क्षण अजून आठवतात. तामितने फक्त गप्प बसायचे होते. तोंडातून एक शब्दही काढायची गरज नव्हती.

तामित पोट सावरत उठली. डोळ्यांवर हात धरून तिने बहिणीकडे निरखून पाहिले. नुबमेरितच्या कपाळावरून, गालांवरून घाम वाहत होता आणि माझ्या टोकावरून थेंब-थेंब गळत होता.

"मेलेली माणसं इतकी घामाघूम होतात का रे?" तामित नावाड्याला म्हणाली. "राजा जिवंत आहे. वळव होडी."

आधी कोणीतरी फिसकन हसले. मग सगळा धक्का हसला. होडी वळली.

तामित उतरली तेव्हा नुबमेरित पाण्यात पोटरीपर्यंत उभी होती.

"ताई, दाढी वाकडी आहे तुझी."

"माहीत आहे."

"माझी तावेरेत कुठे आहे?"

"वितळली." नुबमेरित म्हणाली. "माझ्याच पेटीत. माझ्याच भिंतीला."

तामितच्या चेहऱ्यावर माफीही नव्हती आणि रागही नव्हता. फार थकलेली होती ती.

"मग आता बाळंतपणाला तूच ये," ती म्हणाली. "दाढी न लावता."

महिन्याने तामितला मुलगी झाली. नुबमेरित तिची पाठ धरून रात्रभर बसली होती असे मी ऐकले. मी तिथे नव्हते, मला नेले नव्हते. हेपूचे हात शाबूत राहिले. त्याला फक्त एक हुकूम झाला, राळ नसेल तेव्हा 'नाही' म्हणायचे. सेनबीला भटारखान्याचा मुकादम केले. तो तिथे पावांना काय विचारतो, ते पावांनाच ठाऊक.

सगळे पहिल्यासारखे झाले असे मी म्हणणार नाही. तामित पुन्हा माझी नाडी बांधायला आली, पण पहिले कितीतरी दिवस ती मागे उभी राहिली, की नुबमेरितची मान ताठ व्हायची आणि तामितच्या बोटांना ते कळायचे. संशय गेला तरी त्याची सवय अंगात राहते, ती एकदम जात नाही.

आता मी म्हातारी झाले आहे. माझे मेण तडकले आहे, दोन वेण्या उंदरांनी खाल्ल्या. नव्या राजाची नवी दाढी आहे, आणि मी वेताच्या टोपलीत जुन्या केसांच्या टोपांखाली पडून आहे. कधी कुणी टोपली उघडते, मला बघते आणि ही कुठली वाकडी म्हणून नाक मुरडते. माझी काही तक्रार नाही.

फक्त एक मागणे आहे, मित्रांनो. मला वाऱ्याच्या खोलीत ठेवा, आणि उताणी ठेवा. आणि कधी काळी सकाळी पेटी उघडून मी तुम्हाला वाकलेली दिसले, तर घरातल्या माणसांची झडती घेऊ नका. पेटी कुठे ठेवली होती, ते आधी बघा.